सात नंबरची बाटली

शाळेच्या शेवटच्या वर्षाला सगळ्यात अवघड विषय कोणता, हे एकदाचं कळावं म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी मुलांकडून चिठ्ठ्या मागवल्या. नाव घालायचं नाही, फक्त विषय लिहायचा आणि वाटलं तर एका ओळीत कारण. एकशे बारा चिठ्ठ्या आल्या. मोजणी होऊन शिक्षकांच्या खोलीत तक्ता लागला, तेव्हा नळीताई प्रयोगशाळेची किल्ली घ्यायला तिथं आली होती, त्यामुळं पुढचा तमाशा तिला फुकटात बघायला मिळाला.

रसायनशास्त्र एक्कावन्न. गणित चौतीस. भौतिकशास्त्र एकोणीस. इतिहास आठ.

गणिताच्या सरांचा चेहरा असा पडला, जसं काही कुणी त्यांच्या हातातला करंडक हिसकावून नेला. इतकी वर्षं सगळ्यांच्या तोंडी पहिला नंबर त्यांचाच. "दुसरा?" ते म्हणाले. "चिठ्ठ्या नीट मोजल्यात ना?" इतिहासाच्या बाई तर फुगूनच बसल्या. "आठ! म्हणजे माझा विषय काय रस्त्यावर पडलाय?"

शिंप्याने शिवलेल्या दहा सदऱ्यांपैकी सहा उसवून परत आले तर तो बिचारा गिऱ्हाइकाला तोंड दाखवत नाही. मास्तराची दहातली सहा पोरं आपटली तर तो मिशीवर ताव देऊन सांगतो, विषयच तसा आहे! नळीताईला हे कधी कळलं नव्हतं. बावीस वर्षं ती ह्या शाळेच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत काम करत होती. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, बर्नरच्या रबरी नळ्या बदलायच्या. म्हणून मुलं नळीताई म्हणायची, आणि मुलांचं ऐकून शिक्षकही. एक नळी फुटली तर तिला दोन दिवस चैन पडायचं नाही.

पहिला नंबर आलेले रसायनाचे सर मात्र खूश नव्हते. मुलांनी त्यांचं नाव 'लिहून घ्या सर' ठेवलं होतं. वर्गात आले की, "लिहून घ्या, बेरियमची ज्योत हिरवी. लिहून घ्या, स्ट्रॉन्शियमची लाल. लिहून घ्या, साका पिवळा." साका म्हणजे नळीच्या तळाशी बसणारा गाळ. तो पिवळा का असतो, किंवा असतो तरी का, हे विचारलं की सर म्हणायचे, "परीक्षेत ते विचारत नाहीत." वह्या रंगांनी भरलेल्या आणि बर्नर महिनोन् महिने थंड.

सर तक्त्याखालच्या चिठ्ठ्या चाळत होते. एका चिठ्ठीवर त्यांचा हात थांबला. ती त्यांनी मोठ्यानं वाचली, "रसायन अवघड नाही. आम्हाला ते कुणी करून दाखवलेलं नाही." मग वर बघितलं, ते सरळ नळीताईकडे. "अक्षर ओळखीचं आहे, नाही का हो?"

ओळखीचं होतंच. नळीताईच्या मुलीचं. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून भिंगरी, आणि आता सतरा वर्षांची झाली तरी भिंगरीच.

"चिठ्ठीवर नाव घालायचं नव्हतं ना सर?" नळीताई म्हणाली आणि किल्ली घेऊन निघाली. पण जिन्यावर ती मधल्याच पायरीवर थांबली. महिनाभरावर प्रयोगपरीक्षा होती. तिच्यात नापास म्हणजे वर्ष गेलं, बाकीच्या विषयांत डोंगर रचा. आणि त्या परीक्षेला शाळेकडून बसणारे परीक्षक होते, लिहून घ्या सर.

घरी तिनं भिंगरीला झापलं. "तुला काय गरज होती ग शहाणपणा पाजळायची?"

"खोटं लिहिलंय का?"

"खरं लिहायलाच कुणी सांगितलं होतं?"

"तूच. जन्मल्यापासून."

आई भांडी घासायला लागली, जरा जास्तच आवाज करून.

भिंगरीला रसायन शिकवलं ते नळीताईनंच. स्वतः ती शेवटच्या वर्षापर्यंत पोचलीही नव्हती, मधेच शाळा सुटली होती. पण बावीस वर्षं रोज ज्या गोष्टी हातात येतात त्या हाताला कळतात. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी काढून, शाळा सुटल्यावर तासभर, उरल्यासुरल्या क्षारांवर ती मुलीकडून प्रयोग करून घ्यायची. नाव न सांगता चिमूटभर पांढरी पूड द्यायची आणि म्हणायची, सांग कोण आहे. ज्योतीची परीक्षा तिची सगळ्यात लाडकी. बारीक तार आम्लात बुडवायची, पुडीला लावायची, ज्योतीत धरायची, आणि ज्योत आपला रंग बदलून पुडीचं नाव सांगते. पण तारेवर आधीचं काही चिकटलेलं असेल तर ती भलतंच बोलते. म्हणून आम्लात बुडव, तापव, परत बुडव, परत तापव, ज्योतीला काही म्हणजे काही रंग येईनासा होईपर्यंत.

"तार आधी गप्प कर," नळीताई सांगायची, "मग तिला विचार."

भिंगरीनं पहिल्यांदा तार गप्प न करता विचारलं तेव्हा पिवळा भडका उडाला होता आणि तिनं ठणकावून सोडियम सांगितलं होतं. ते तिच्या बोटांचं मीठ होतं, डब्यातलं. आई इतकी हसली होती की तिला स्टूल शोधावं लागलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी नळीताईच्या हातात चिठ्ठी दिली. पाच क्षार, पाच बाटल्या, क्रमांक मुद्दाम सलग नसलेले: तीन, चार, सात, आठ, अकरा. वीस मुलांची तुकडी, एकेका बाटलीतला चमचाभर क्षार चौघांना. कुणाला कोणता क्रमांक, ते बाहेरच्या शाळेतून येणाऱ्या परीक्षक बाई सकाळी ठरवणार. उत्तरांची यादी बंद पाकिटात.

आता इथं नळीताईची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडलं. मोठ्या बरण्यांवरची नावं आम्लाच्या वाफांनी कधीच खाऊन टाकली होती. नव्या चिठ्ठ्या लिहून देतो असं सर म्हणाले होते, त्याला दोन वर्षं झाली. म्हणून तिनं बरण्यांच्या गळ्याला दोरे बांधले होते. लाल ज्योतीच्या स्ट्रॉन्शियमला लाल दोरा, हिरव्या ज्योतीच्या बेरियमला हिरवा. दोन्ही पांढरेशुभ्र खडे, नुसत्या डोळ्यांना सख्खे जुळे. दोरेही हळूहळू विटून सारखेच पांढुरके झाले, पण जागा ठरलेल्या होत्या आणि जागा तिला अंधारातही सापडायच्या. ह्या सुट्टीत फळ्यांना रंग दिला, रंगाऱ्यानं बरण्या उतरवून आपल्या मनानं परत लावल्या. नळीताईनं त्या एकेक तपासून जागच्या जागी नेल्या, ह्या दोन तेवढ्या राहिल्या. राहू देत, ती म्हणाली होती, परीक्षेआधी मी प्रत्येक बरणीतला कण पेटवून बघतेच की.

बघायचीच ती. एकवीस वर्षं चुकली नव्हती. ह्या वर्षी बर्नर पेटवायला काडी हातात घेतली आणि थांबली. उद्या आत भिंगरी बसणार. चिठ्ठीवरची नावं वाचावी लागली ती लागली, पण रंग एकदा डोळ्यांत गेला की जात नाही. घरी जेवताना पोरगी समोर बसेल, आणि आपला चेहरा कसला, काचेचा. भुवई जरी हलली तरी ती ओळखेल. नळीताईनं काडी पेटीत परत ठेवली. रंगाऱ्याचं तिला त्या घाईत आठवलंच नाही; जागेच्या भरवशावर बाटल्या भरल्या, झाकणं लावली, चिठ्ठी सरांना परत दिली आणि घरी गेली. रात्रभर ती मुलीशी "जेव" आणि "झोप" ह्यापलीकडे बोलली नाही.

"रागावलीस का?" भिंगरीनं विचारलं.

"झोप."

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेबाहेर, व्हरांड्यात स्टूल टाकून बसली. मुलगी परीक्षेला असताना आईनं आत थांबू नये, हे तिनं स्वतःच लेखी देऊन ठेवलं होतं. दाराला काच होती. तिनं स्टूल फिरवलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

पण कान कुठं फिरवणार? बर्नर पेटला की फस्स असा आवाज येतो. आत वीस मुलं. नळीताईनं मोजलं: एक. दोन. बराच वेळ काहीच नाही. मग तीन, चार, पाच. आणि संपलं. बाकी सगळीकडून पेनांची खरखर. ज्योत पेटवल्याशिवाय ज्योतीचा रंग लिहिणारी पंधरा पोरं! तिला ठाऊक होतं हे असंच चालतं. सरांच्या खासगी शिकवणीला जाणाऱ्यांना कोणता क्रमांक म्हणजे कोणता क्षार ते आधीच कळतं, मग पोरं शेवट वाचून गोष्ट रचतात. म्हणून तर लेखी परीक्षेत तोंडाला फेस येतो आणि तक्त्यात एक्कावन्न पडतात.

दीड तासानं आतून परीक्षक बाईंचा आवाज आला. शांत, कोरडा.

"सात नंबर चौघांना होता. तिघांचं उत्तर एक आणि तुझं वेगळं. काय झालं?"

"त्यांचं मला माहीत नाही, बाई. माझी ज्योत हिरवी आली." भिंगरीचा आवाज.

"तार साफ केली होतीस?"

"आधी गप्प केली होती."

"काय केली होती?"

कुणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे आम्लात बुडवून तापवली, काही रंग दिसेनासा होईपर्यंत. चार वेळा. मग तीनदा बघितलं, तिन्ही वेळा हिरवी. नंतर क्रोमेट घातलं तर पिवळा साका आला. नळीत आहे अजून, बघा ना. हे बेरियम आहे."

"अहो बाई, यादीत स्ट्रॉन्शियम आहे." हा आवाज लिहून घ्या सरांचा. "लाल ज्योत. तिघांना लाल दिसली, हिलाच हिरवी! तुला रंग कळतात ना ग?"

"कळतात सर. रोज सिग्नलला उभी असते."

ह्या वेळी हसू जरा मोठं आलं. सरांचा आवाज मऊ झाला, आणि हा माणूस मऊ बोलायला लागला की नळीताईला भीती वाटायची. "हे बघ, अजून दहा मिनिटं आहेत. बाई मोठ्या मनाच्या आहेत. ते हिरवं खोड, लाल लिही. तुझं वर्ष वाचेल. हट्ट कुणापुढं करतेस?"

बाहेर नळीताईनं स्टुलाची कड गच्च धरली.

"लाल दिसली नाही, सर," भिंगरी म्हणाली. "मग कशी लिहू?"

नळीताईला वाटलं आता उठून दारावर थाप मारावी आणि सगळ्या व्हरांड्याला ओरडून सांगावं, ही माझी! आणि मग तिनं एकेक जोडून बघितलं. पोरगी तार गप्प करायला चुकणार नाही. पिवळा साका खोटं बोलणार नाही. हिरवी ज्योत आली म्हणजे बाटलीत हिरवंच होतं. आणि बाटली कुणी भरली?

तिच्या डोळ्यांसमोर फळी आली. दोन बरण्या, दोन विटके दोरे, आणि चिठ्ठीत त्यांतलं फक्त स्ट्रॉन्शियम.

तोंड उघडलं तर बावीस वर्षांची अब्रू गेली. वर आई परीक्षेत घुसली असा बोभाटा, सरांना तेवढंच हवं होतं. नाही उघडलं तर पोरीचं वर्ष जाणार, तेही खरं लिहिल्याबद्दल. हिशेब करायला फार वेळ लागला नाही. तिनं साडीला हात पुसले आणि दार ढकललं.

"तुम्ही कोण?" परीक्षक बाईंनी विचारलं. किडकिडीत, चष्म्याला साखळी.

"मी ह्या बाटल्या भरते. आणि मी हिची आई आहे. दोन्ही आत्ताच सांगते, नंतर कुणी शोधून काढायला नको. सात नंबर माझ्या हातून चुकला असणार. दरवर्षी पेटवून बघते, ह्या वर्षी बघितलं नाही. तुम्ही बघा."

"वा!" सरांनी टाळी वाजवली. "आईला पाझर फुटला. बाई, पोरीला वाचवायला हिनं बाटलीच बदलली असेल."

नळीताई त्यांच्याकडे वळली. बावीस वर्षांत तिनं ह्या माणसापुढं आवाज चढवला नव्हता, आणि आत्ताही चढवला नाही.

"सर, पोरीला वाचवायचं असतं तर काल घरी जेवताना 'सात म्हणजे लाल' एवढंच म्हटलं असतं. दोन घास खाण्याइतका वेळ लागला नसता. तिचं उत्तर यादीशी जुळत नाही, ह्याचा अर्थच हा की तिला कुणी काही सांगितलेलं नाही. ज्यांचं जुळलं त्यांना कुणी सांगितलं, ते विचारा की."

परीक्षक बाईंनी बर्नर पुढं ओढला. स्वतः पेटवला. तार आम्लात बुडवली, तापवली, बुडवली, तापवली. नळीताई मनात मोजत होती. चार वेळा. मग सात नंबरच्या बाटलीतला कण तारेवर घेऊन ज्योतीत धरला.

ज्योत पोपटी हिरवी झाली. अशी ठसठशीत की मागच्या बाकावरची पोरं उभी राहून बघायला लागली.

"हं," बाई म्हणाल्या, आणि त्या तिघांकडे वळल्या. "तुम्हाला लाल कुठं दिसली?"

पहिला उंच पोरगा जमिनीकडे बघत म्हणाला, "मला जरा... गुलाबीसर वाटली, बाई."

"मी ह्याचं बघितलं," दुसरी म्हणाली.

तिसऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी पेटवलाच नाही. मला बर्नर पेटवता येत नाही. शिकवणीत सर म्हणाले होते, सात म्हणजे..." पुढचं त्यानं गिळलं, पण तोवर सगळ्यांना पोचलं होतं.

शाळा संपत आलेला मुलगा, आणि त्याला बर्नर पेटवता येत नाही. असल्या पोराला विषय अवघड जातो म्हणून तक्ते लावतात. पोहायचं कसं हे फळ्यावर लिहून द्या आणि मग बुडालेल्यांची मोजणी करा!

परीक्षक बाई उठल्या आणि टेबलांमधून फिरल्या. प्रत्येक बर्नरला हात लावून बघत गेल्या. गार. गार. गार. कोमट एखादा. परत येऊन त्यांनी सांगितलं, "पंधरा जणांची परीक्षा उद्या सकाळी पुन्हा. नवे क्षार. पाकीट मी स्वतः बंद करणार, आणि बाटल्या," त्यांनी नळीताईकडे बघितलं, "ह्या भरतील. माझ्यासमोर पेटवून. ह्या मुलीचा पेपर मी घेतला आहे, तिनं जे बघितलं तेच लिहिलंय."

सर काहीतरी बोलणार होते, पण बाईंनी अहवालाचा कागद पुढं घेतला होता. "सात क्रमांकाच्या बाटलीत चुकीचा क्षार," असं त्या म्हणत म्हणत लिहायला लागल्या.

"माझं नाव घाला," नळीताई म्हणाली.

"त्याची गरज नाही."

"आहे. बावीस वर्षांत पहिली चूक आहे माझी. दुसऱ्या कुणाच्या नावावर जायला नको."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि नाव घातलं. नळीताईनं खाली सही केली, पूर्ण नावानं, वळणदार, सावकाश. नोकरीवर रुजू होताना केली होती तशी.

पुढं काय व्हायचं ते झालं. सरांना मुख्याध्यापिकाबाईंनी खोलीत बोलावून तोंडी समज दिली, आणि नळीताईला लेखी मेमो मिळाला. बाटली चुकली तर कागद निघतो, अख्खी पिढी चुकली तर चहा पाजून समज देतात. ही जगाची रीत. तिनं मेमोची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

घरी जाताना भिंगरी तिच्यापुढं उलटी चालत होती, तोंड आईकडे करून, रस्त्यावरच्या माणसांना धडकत.

"आई, तू बाटली चुकलीस!"

"दात काढू नकोस."

"बावीस वर्षांनी!"

"तुझ्यामुळं. तुला काही कळू नये म्हणून डोळे झाकून भरली."

"म्हणजे तुझ्या प्रामाणिकपणानं माझं वर्ष घालवलं असतं."

"नीट चाल. पडशील." नळीताईनं तिचा दंड धरून तिला सरळ केलं, आणि मग हात तसाच राहू दिला. कोपऱ्यापर्यंत. "साका खरंच पिवळा आला होता?"

"लिंबासारखा."

"मग बास."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं परीक्षक बाईंच्या समोर पाच बरण्यांतला एकेक कण पेटवून बघितला, पाच बाटल्या भरल्या. स्ट्रॉन्शियमच्या बरणीला नवा लाल दोरा, बेरियमला नवा हिरवा. मग बाहेर येऊन स्टूल टाकलं. आज आत तिचं कुणी नव्हतं. तिनं तोंड काचेकडे केलं.

सुरुवातीला नुसत्या काड्या मोडल्या. एकानं गॅस आधी सोडला आणि घाबरून मागं उडी मारली. कालचा तो तिसरा मुलगा काडी हातात धरून उभाच होता, काडी विझेपर्यंत. नळीताईनं ओठ दाताखाली धरले. आत जायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं. त्यानं दुसरी काडी ओढली. तिसरी. फस्स.

मग एकेक करून सगळे पेटले. तिनं मोजले. पंधरा.

बराच वेळ त्या मुलाची पाठ तेवढी दिसत होती, खाली वाकलेली. आणि एकदम तो ताठ झाला. परीक्षा आहे, गप्प बसायचं असतं, हे सगळं विसरून तो ओरडला,

"अरे! ही खरंच लाल होते!"